तीन महिन्यांची ताकीद, सात वर्षांचा खटला

या शनिवारचा विषय जरा रुक्ष आहे, आधीच सांगून टाकतो. लवाद, निवाडा, पुनर्विलोकन वगैरे. पण मध्ये एक प्लॅटिनमची खाण आहे आणि गेटवर उभा असलेला एक रखवालदार आहे, त्यामुळे चहा घेऊन बसायला हरकत नाही.

विषय डोक्यात शिरला तो एका चेकबॉक्समुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रोजेक्टचा क्लायंट जोहान्सबर्गचा होता आणि त्यांची पगाराची सिस्टिम आम्ही पुण्यात बसून बदलत होतो. कर्मचारी बडतर्फ झाला की त्याचं रेकॉर्ड बंद, इतकं सरळ डिझाईन मी मांडलं. क्लायंटकडच्या एचआरच्या बाई फोनवर म्हणाल्या, "बंद नाही करायचं. तो तीस दिवसांत सीसीएमएत जाईल. तिथे निवाडा होईल. तरी बंद नाही, कारण मग आम्ही रिव्ह्यूला जाऊ." मी विचारलं, मग बंद कधी करायचं? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सिदुमो वाचा."

तो सल्ला मी जरा जास्तच मनावर घेतला.

झिंगिसिले सिदुमो हे जोहान्सबर्गच्या वायव्येला असलेल्या रस्टेनबर्गच्या प्लॅटिनम खाणीत सिक्युरिटीत होते. नोकरी पंधरा वर्षांची, रेकॉर्ड स्वच्छ. खाणीच्या ज्या भागात मौल्यवान धातू वेगळे केले जातात तिथे माल गळतोय असं कंपनीच्या लक्षात आलं होतं. म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची ठरलेल्या पद्धतीने झडती घ्यायची असा नियम झाला आणि सिदुमोंना तिथल्या महत्त्वाच्या दारावर उभं केलं गेलं. नंतर कंपनीने कॅमेऱ्याने त्यांच्यावर नजर ठेवली. टिपलेल्या २४ प्रसंगांपैकी नियमाप्रमाणे झडती एकच निघाली. १५ वेळा झडतीच नाही, आणि ८ वेळा घेतली ती अर्धीमुर्धी. वर झडती न घेताच लोकांना रजिस्टरवर सह्या करू दिल्या होत्या. २४ पैकी १! आपल्याकडचा कुठलाही मॅनेजर म्हणेल, आता यात चर्चा कसली?

कंपनीनेही चर्चा केली नाही. चौकशी झाली आणि बडतर्फी झाली. सिदुमो लवादाकडे गेले. २००० साली सीसीएमएच्या कमिशनरने निवाडा दिला: दोष आहे, पण बडतर्फी ही फार कठोर शिक्षा आहे. पंधरा वर्षांचं स्वच्छ रेकॉर्ड आहे, कंपनीचं नुकसान झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. कामावर परत घ्या, तीन महिन्यांची भरपाई द्या, आणि त्यांना तीन महिने लागू राहील अशी लेखी ताकीद द्या.

कंपनी या निवाड्याविरुद्ध कोर्टात गेली. शेवटचा निकाल लागला ऑक्टोबर २००७ मध्ये, देशाच्या घटना न्यायालयात. ताकीद तीन महिन्यांची आणि भांडण सात वर्षांचं.

आता हे सीसीएमए प्रकरण काय आहे ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. कारण दक्षिण आफ्रिकेत 'नोकरी जाणं' याचा अर्थ आपल्यासारखा कधीच नव्हता.

वर्णभेदाच्या काळात काळ्या माणसाला शहरात राहण्याचा हक्क नोकरीला बांधलेला होता. शहरी भागांच्या कायद्यातलं कलम १० असं की, एकाच मालकाकडे सलग दहा वर्षं नोकरी, किंवा शहरात पंधरा वर्षं कायदेशीर वास्तव्य, असं काही असेल तरच तिथे कायमचं राहता येईल. आठव्या वर्षी मुकादमाशी वाजलं आणि काढून टाकलं, तर मोजणी पुन्हा शून्यावर. पगार जायचा, बहुतेकदा डोक्यावरचं छप्पर जायचं आणि शहरही जायचं. हे पास कायदे १९८६ पर्यंत टिकले. मालकाला मात्र कारण सांगण्याचीही गरज नसे. करारात ठरलेली नोटीस दिली की संपलं. आणि १९७९ पर्यंत तिथल्या कामगार कायद्याच्या व्याख्येप्रमाणे काळा आफ्रिकी कामगार हा 'कर्मचारी'च नव्हता. राबायचं, पण कायद्याच्या पुस्तकात नसायचं.

१९७३ साली डरबनमध्ये संपांची लाट आली. सरकार हादरलं आणि १९७७ साली प्राध्यापक विहान यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. हेतू उदात्त होता असं मानायचं कारण नाही. काळ्या कामगारांच्या युनियन वाढतच होत्या, त्या कायद्याच्या बाहेर ठेवण्यापेक्षा आत घेऊन त्यांच्यावर लक्ष ठेवावं, असा हिशेब होता. पण १९७९ च्या सुधारणांबरोबर एक इंडस्ट्रियल कोर्ट आलं आणि 'अनुचित कामगार प्रथा' अशी एक ढगळ कल्पना आली. ढगळ कपड्याचा फायदा असा की त्यात बरंच काही मावतं! बडतर्फीला न्याय्य कारण हवं, आधी म्हणणं ऐकून घ्यायला हवं, ही सगळी तत्त्वं त्या कोर्टाने एकेका खटल्यातून बसवली. वर्णभेद अजून पूर्ण जोरात असताना हे चाललं होतं, हे मला फार विलक्षण वाटतं. १९८७ च्या ऑगस्टमध्ये खाण कामगारांनी तीन आठवडे संप केला तेव्हा कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने कामगार काढले, आणि युनियनने ती लढाई कोर्टातही नेली. त्या युनियनचे सरचिटणीस होते सिरिल रामफोसा, जे पुढे २०१८ साली राष्ट्राध्यक्ष झाले.

पण इंडस्ट्रियल कोर्टाला वकील लागत, आणि वकिलांना पैसे लागतात. तिथे जिंकलं तरी वर अपील, १९८८ पासून लेबर अपील कोर्ट, त्याच्यावर ब्लूमफाँटेनचं अपील न्यायालय. तोवर माणूस गावी निघून गेलेला. म्हणून १९९४ नंतर नवा कायदा लिहायला बसलेल्या मंडळींनी ठरवलं की बडतर्फीचं भांडण कोर्टाच्या हातीच द्यायचं नाही.

१९९५ चा लेबर रिलेशन्स कायदा नोव्हेंबर १९९६ पासून लागू झाला. त्याने सीसीएमए, म्हणजे समेट, मध्यस्थी आणि लवाद आयोग उभा केला. तीस दिवसांत अर्ज करायचा, फी नाही. आधी समेटाचा प्रयत्न आणि तो फसला तर लवाद. गैरवर्तनाच्या प्रकरणात सहसा वकील नाहीत. भरपाईला बारा महिन्यांच्या पगाराची कमाल मर्यादा. निवाडा अंतिम आणि बंधनकारक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अपील नाही. फक्त 'रिव्ह्यू', तोही सहा आठवड्यांत मागायचा, आणि तोही कलम १४५ मधल्या मोजक्या दोषांवर: कमिशनरने कर्तव्यात गैरवर्तन केलं, कामकाजात घोर अनियमितता झाली, अधिकाराबाहेर जाऊन निर्णय दिला, किंवा निवाडा गैरमार्गाने मिळवला गेला.

अपील आणि रिव्ह्यू यांतला फरक आपल्या धंद्यातल्या लोकांना पटकन कळावा, कारण शब्दही तोच आहे. कोड रिव्ह्यूला बसलेला सीनियर दोन प्रकारचा असतो. एक म्हणतो, "मी हे असं लिहिलं नसतं", आणि तुमचं फंक्शन पुन्हा लिहायला घेतो. दुसरा म्हणतो, "मी असं लिहिलं नसतं, पण हे चालतं, जाऊ दे." १९९५ चा कायदा लिहिणाऱ्यांना कोर्टाने दुसऱ्या प्रकारचा सीनियर व्हायला हवं होतं.

अडचण ही की त्या चार दोषांत 'निर्णयच अजब आहे' हा दोष नाही. सुनावणी नीट झाली, दोन्ही बाजू ऐकल्या, आणि शेवटी कमिशनरने पुराव्याशी काहीच नातं नसलेला निकाल लिहिला, तर काय करायचं? १९९८ साली केअरफोन नावाच्या प्रकरणात लेबर अपील कोर्टाने वाट काढली. समोरचा पुरावा आणि काढलेला निष्कर्ष यांच्यात तर्काचा, वस्तुनिष्ठ असा दुवा हवा, नाहीतर निवाडा रद्द. ऐकायला वाजवी वाटतं. पण एकदा 'दुवा' तपासायचा म्हटलं की कोर्टाला कारणांत शिरावं लागतं, आणि कारणांत शिरलेलं कोर्ट बाहेर पडताना आपलं मत तिथे ठेवून येतं.

सिदुमोंचं प्रकरण नेमकं इथे अडकलं. लेबर कोर्टाने कंपनीला नकार दिला. लेबर अपील कोर्टानेही निवाडा टिकवला, पण म्हणालं की कमिशनरची काही कारणं चुकीची आहेत, मात्र लांब आणि स्वच्छ नोकरी हे एक कारण पुरेसं आहे. मग कंपनी ब्लूमफाँटेनला गेली, आणि २००६ साली तिथे पारडं फिरलं. त्या न्यायालयाने सांगितलं, हा लवाद म्हणजे प्रशासकीय कृती आहे, तिला २००० सालचा प्रशासकीय न्यायाचा कायदा लागू, आणि वाईट कारणांची चांगल्या कारणांत भेसळ झाली असेल तर निवाडा टिकत नाही. शिवाय, शिक्षा कोणती द्यायची हे आधी मालकाने ठरवायचं असतं, त्यात कमिशनरने जपून हात घालावा. बडतर्फी कायम.

या शेवटच्या वाक्यात खरी मेख आहे. ब्रिटनमध्ये १९८२ पासून हेच चालत आलं आहे: एखादा वाजवी मालक असं वागू शकला असता का, एवढंच ट्रायब्युनल बघतं. म्हणजे न्याय बघायचा, पण मालकाच्या खिडकीतून. दोन वाजवी मालकांपैकी एक काढेल आणि एक ताकीद देऊन सोडेल, अशी परिस्थिती असेल तर काढणारा जिंकतो. सिदुमोंसारख्या माणसासाठी सगळा खेळ या एका प्रश्नावर होता, की कमिशनरने कुणाच्या डोळ्यांनी बघायचं?

आता प्रकरण एका रखवालदाराचं राहिलं नव्हतं. कोसाटू ही देशातली सर्वात मोठी कामगार महासंघटना सिदुमोंच्या बरोबरीने घटना न्यायालयात अर्जदार म्हणून उतरली.

५ ऑक्टोबर २००७ चा निकाल लांबलचक आहे, तीन-चार न्यायमूर्तींनी वेगवेगळं लिहिलेलं आहे. मुख्य निकालपत्र न्या. नवसा यांचं. लवाद ही प्रशासकीय कृती की न्यायदान, यावर न्यायमूर्तींचं आपापसांत जमलं नाही (तो वाद मी इथे सोडून देतो, अभ्यासकांनी त्यावर पुरेसे कागद खर्च केले आहेत). पण निवाडा परत उभा करायचा यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि दोन गोष्टी पक्क्या झाल्या.

पहिली, खिडकीची. कमिशनरने मालकाच्या जागी बसायचं नाही, आणि मालकासमोर झुकायचंही नाही. बडतर्फी न्याय्य होती का हे त्याने स्वतः ठरवायचं. मोडलेला नियम किती महत्त्वाचा होता, मालकाने काढलं ते का, नुकसान किती, आणखी प्रशिक्षणाने माणूस सुधारला असता का, नोकरी किती वर्षांची, आणि नोकरी गेल्याने त्याचं काय होणार, हे सगळं तोलून.

दुसरी, कोर्टाची. घटनेने वाजवीपणाची अट घातलेली आहे, ती कलम १४५ मध्ये मुरलेली आहे असं धरायचं. म्हणून कोर्टाने विचारायचं ते एवढंच, की कमिशनरचा निर्णय असा आहे का, जो कुठलाही वाजवी निर्णयकर्ता देऊच शकला नसता? ही कसोटी तीन वर्षांपूर्वीच्या एका खटल्यातून उचललेली. तो खटला होता मासेमारीच्या कोट्याचा. समुद्रातले मासे आणि खाणीतला रखवालदार एकाच तराजूत!

मला या निकालपत्रात आवडलेली जागा वेगळीच आहे. नवसा सिदुमोंना साधुसंत ठरवत नाहीत. उलट म्हणतात, विश्वासाला तडा गेला नसावा हे कमिशनरचं म्हणणं चूक आहे. या माणसाला माल राखायला ठेवलं होतं आणि तो त्याने राखला नाही. पण चौकशी तिथे संपत नाही. अप्रामाणिकपणा नव्हता, नुकसान दिसत नाही, रेकॉर्ड मोठं आणि स्वच्छ. एखादा दुसरा कमिशनर बडतर्फी कायम ठेवू शकला असता, तेही वाजवीच ठरलं असतं. या कमिशनरने ठेवली नाही, हेही वाजवीच. दोन उलटे निर्णय एकाच वेळी वाजवी असू शकतात, हे मान्य करणं आपल्यासारख्या टेस्ट केसवाल्यांना जड जातं. पण हे मान्य केलं नाही तर रिव्ह्यूचं अपील व्हायला फार वेळ लागत नाही.

तर मग कोर्टाने हात आखडता घेणं म्हणजे नेहमीच कामगाराचा फायदा का? मलाही आधी असंच वाटलं होतं. मग अहमदाबादचं एक प्रकरण वाचलं. गुजरात स्टील ट्यूब्ज. १९७३ सालच्या संपात कंपनीने ८५३ कामगारांना एकगठ्ठा काढलं. पत्रं साधी, 'सेवा समाप्त' अशा धर्तीची. शिक्षा म्हणून काढतो असा शब्द नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १०-अ खाली दोन्ही बाजूंनी लवाद नेमला आणि लवादाने कंपनीचं म्हणणं उचलून धरलं. इथे कोर्ट 'वाजवी आहे, जाऊ दे' म्हणालं असतं तर अजून परत न आलेली शेकडो घरं संपली असती. हायकोर्टाने निवाडा उलटवला, आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टात न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. देसाई यांनी हायकोर्टाच्या बाजूने कौल दिला. न्या. कोशल यांनी विरोधी मत नोंदवलं. बहुमताने साध्या पत्रामागे शिक्षा लपलेली पाहिली आणि कामगारांना परत घ्यायला लावलं.

आपल्याकडचा रस्ता मुळातच वेगळ्या दिशेने आला होता. असा लवाद कोर्टाच्या कक्षेत कितपत येतो, याचा पाया मुंबईच्या हिंद सायकल्सच्या प्रकरणात १९६२ साली आपल्या साताऱ्याच्या न्या. गजेंद्रगडकरांनी घातला: सुप्रीम कोर्टात थेट विशेष अपील नाही, पण हायकोर्टाच्या रिटचं दार पूर्ण बंदही नाही. शिक्षेच्या बाबतीत तर १९५८ च्या इंडियन आयर्नच्या निकालानंतर ट्रायब्युनलचेही हात बांधलेले होते. मालकाचा आकस, छळ, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा निराधार निष्कर्ष असेल तरच मध्ये पडायचं. १५ डिसेंबर १९७१ पासून कलम ११-अ आलं आणि शिक्षा जास्त वाटली तर ती बदलायचा अधिकार ट्रायब्युनलला मिळाला. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये ज्या खिडकीवर वाद घातला ती आपल्या संसदेने छत्तीस वर्षं आधीच बदलली होती. २१ नोव्हेंबर २०२५ ला औद्योगिक संबंध संहितेने १९४७ च्या कायद्याची जागा घेतली, तेव्हा हा अधिकार तिच्या कलम ५० मध्ये आला आहे.

म्हणून सिदुमोची कसोटी मला कामगारांच्या बाजूची वाटत नाही. ती लवादाच्या बाजूची आहे. पहिल्या टप्प्यावर जो जिंकला, त्याचं जिंकणं टिकावं असं ती म्हणते. सीसीएमएसारखी फुकट आणि झटपट यंत्रणा हाताशी असेल तर हा सौदा गरीब माणसाला परवडतो, कारण लांबलेल्या खटल्यात तोच आधी दमतो. तशी यंत्रणा नसेल तर परवडत नाही, आणि कृष्ण अय्यरांसमोर ती नव्हती.

तिकडेही सौदा लगेच पचला नाहीच. २००७ नंतर कंपन्यांच्या वकिलांनी नवी फट शोधली: निकाल वाजवी असेलही, पण कमिशनरने एक महत्त्वाचा पुरावा बघितलाच नाही, म्हणजे प्रक्रियेत दोष, म्हणून रद्द करा. काही वर्षं हे चाललंही. २०१३ साली ब्लूमफाँटेननेच नेडबँकेच्या एका प्रकरणात ही फट बुजवली. सुटलेला पुरावा, चुकलेलं वजन हे एवढ्यावर पुरेसं नाही. अंतिम निकालच वाजवीच्या कुंपणाबाहेर गेला पाहिजे. (गंमत म्हणजे त्या प्रकरणात तो गेलेला होता. ग्राहकाच्या मृत्युपत्रात आपलं नाव आहे हे बँकेपासून लपवणाऱ्या सल्लागाराला कमिशनरने परत घ्यायला सांगितलं होतं. तो निवाडा रद्दच राहिला.)

पण कसोटी कितीही कडक केली तरी एक गोष्ट उरतेच. रिव्ह्यू हरणार हे माहीत असूनही दाखल करता येतो. तेवढी वर्षं माणूस बाहेर राहतो, आणि मध्येच थोडक्यात तडजोड करून मोकळा होतो. माझ्या त्या प्रोजेक्टमधल्या डेटात 'रिव्ह्यू प्रलंबित' अशी रेकॉर्डं होती, त्यातली काही माझ्या नोकरीपेक्षा जुनी.

यावर इलाज निकालपत्रातून आला नाही, हिशेबाच्या वहीतून आला. १ जानेवारी २०१५ पासून कलम १४५ मध्ये भर पडली. रिव्ह्यू दाखल केल्यावर सहा महिन्यांत सुनावणीची तारीख मागावी लागते. आणि नुसत्या अर्जाने निवाडा थांबत नाही. थांबवायचा तर कोर्टाचं समाधान होईल अशी हमी द्यायची. भरपाईचा निवाडा असेल तर तेवढी रक्कम. कामावर परत घेण्याचा असेल तर चोवीस महिन्यांचा पगार.